शेवट आधी दाखवा

नाटक कंपनी गावात पोचायच्या आठवडाभर आधी जो माणूस वळकटी आणि हँडबिलांचा गठ्ठा घेऊन सर्व्हिस मोटारीतून उतरतो, तो मी. मला सगळे मॅनेजर म्हणत. थिएटर ठरवायचं, कचेरीतून परवाना काढायचा, मंडळींच्या उतरण्याची सोय बघायची, हलगीवाल्याला गाठून गावभर दवंडी द्यायची, ही माझी कामं. तोंडाला रंग मी कधी लावला नाही. कंपनी गावात येऊन टाळ्या घेऊ लागायची, तोवर मी पुढच्या गावच्या ठेकेदाराच्या ओट्यावर त्याची वाट बघत बसलेला असायचो.

आमचं घर उंब्रजचं. नदीकडेला थोडा ऊस, बाकी जोंधळा आणि घरटी एक माणूस पलटणीत. माझा थोरला भाऊ गेला, म्हणून मीही भरतीला उभा राहिलो. साहेबानं माझे तळपाय बघितले, सपाट आहेत म्हणाला, या पायांनी चालणं व्हायचं नाही. पुढं त्याच पायांनी मी खंडाळ्यापासून मिरजेपर्यंतची गावं तुडवली. साहेबाला तेवढं दाखवायचं राहून गेलं.

धंद्याबाहेरच्या माणसाला एक गोष्ट आधी सांगायला हवी. नवं नाटक पहिल्या खेळाला भरत नाही. पहिल्या खेळाला येतात ती नटांची नावं वाचून आलेली माणसं. नाटक चांगलं असेल तर ती घरी जाऊन बोलतात. ते बोलणं पाणवठ्यावर जातं, गुऱ्हाळावर जातं, दळणाच्या जात्यापाशी जातं, आणि मग खरा प्रेक्षक येतो. त्या बोलण्याला चालत जायला वेळ लागतो. नाटकवाल्याला हे ठाऊक असतं. पण थिएटर नाटकवाल्याचं नसतं, ते ठेकेदारानं भाड्यानं घेतलेलं असतं, आणि ठेकेदाराला रिकाम्या खुर्च्या बघवत नाहीत. मग तो त्या नाटकावर उपचार सुरू करतो. त्या उपचारांनी मेलेली नाटकं मी बरीच पाहिली.

माझी नात मुंबईत टीव्हीच्या मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखाली काम करते. मागच्या उन्हाळ्यात ती आली ती तोंड पाडूनच. त्यांची नवी मालिका चॅनेलवाल्यांनी आधी रात्री आठची साडेदहाला नेली, मग क्रिकेटसाठी दोन आठवडे बंद ठेवली, मग मधले भाग गाळले, आणि शेवटी लोक बघत नाहीत म्हणून काढून टाकली. तिला वाटत होतं, असं जगात पहिल्यांदाच घडलं. मी तिला सांगितलं, बाई, आमच्या काळी हे सगळं सांगलीत एकटे अण्णा करत असत. आता त्याच कामाला एवढं मोठं ऑफिस लागतं, इतकाच फरक.

तिला सांगितलेली हकिकत ती ही.

दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं होती. आमच्या कंपनीचे मालक बापूमास्तर. तरुणपणी मोठे गायक नट होते, आता आवाज बसला होता, पण उभं राहण्याचा डौल गेला नव्हता. कंपनीकडं पौराणिक नाटकं होती, तीच फिरून फिरून चालायची, आणि टॉकीज आल्यापासून तीही चालेनाशी झाली होती. अशात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेत आमचा मुक्काम असताना एक प्राथमिक शाळेचा मास्तर बापूमास्तरांना भेटायला आला. नाव ज्ञानू. घरचे लोक मेंढरं राखणारे, त्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला हा पहिलाच. त्यानं एक नाटक लिहिलं होतं, आणि ते चार भागांत होतं. एका आठवड्याला एक भाग.

बापूमास्तर हसले. चार आठवडे एकच नाटक कोण बघणार, असं त्यांनी विचारलं. ज्ञानू मास्तर खाली बघत म्हणाला, “आमच्याकडं ओवी अशीच सांगत्यात. एका बैठकीत संपत न्हाई. मानसं दुसऱ्या दिशी मेंढरं बसवून परत येत्यात. म्होरलं ऐकायला.”

मग त्यानं पहिला भाग वाचून दाखवला. नाटकाचं नाव ‘सोनाईचं घर’. सोनाईचा नवरा पलटणीत. एक दिवस तार येते, तो सापडत नाही. जिवंत आहे की नाही, कुणालाच ठाऊक नाही. धाकटा दीर दुसऱ्याच दिवशी म्हणायला लागतो की जमिनीची वाटणी करून टाकू, आणि वहिनीला माहेरी पोचवू. पहिल्या भागाच्या शेवटी दीर दाराला कुलूप घालायला येतो आणि सोनाई उंबऱ्यात बसून राहते. पडदा. एवढंच. राजा नाही, राक्षस नाही, गाणी दोनच, तीही जात्यावरची.

वाचन संपलं तेव्हा आमच्या कृष्णाबाई पडद्याशी उभ्या होत्या. कंपनीतली नायिकेची कामं त्याच करायच्या. त्या पुढं आल्या आणि बापूमास्तरांना म्हणाल्या, “आजवर मला नाटकात रडायला उभं केलंत. ही बाई रडत नाही. मला हे काम करायचंय.” बापूमास्तरांनी त्यांचं मन आजवर मोडलं नव्हतं. नाटक बसलं.

खेळ कुठं लावायचा ते माझ्याकडं आलं. मी सांगली ठरवली. सांगलीचा माणूस नाटकाला जाणता, असा माझा समज होता आणि अजून आहे. तिथलं एक पत्र्याचं थिएटर अण्णांकडं ठेक्यानं होतं. अण्णांविषयी माझ्या मनात वाकडं काही नाही. उमदा माणूस, पान दिल्याशिवाय बोलायचा नाही. अर्धा आठवडा ते टॉकीज लावत, अर्धा आठवडा नाटक. मी त्यांना चार शनिवार मागितले. त्यांनी लगेच दिले. मी खुशीत हँडबिलं छापली, चारही शनिवार त्यात मोठ्या अक्षरांत घातले, आणि हलगी गावभर फिरवली.

पहिल्या शनिवारी थिएटर निम्मं भरलं. नव्या नाटकाला ते वाईट नव्हे. मी मागं उभा राहून माणसांकडं बघत होतो, कारण नाटक बघायचं काम माझं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत नव्हते. विडीसुद्धा कुणी पेटवत नव्हतं. पडदा पडल्यावर माणसं पटांगणात थांबली. दीर कुलूप लावेल की नाही यावर हळदीच्या पेठेतले दोन दलाल हमरीतुमरीवर आले. एक म्हणाला, तो लावणार, माझ्या चुलत्यानं लावलं होतं. मी मनात म्हटलं, हे नाटक चालणार.

अण्णा तिकिटाच्या खिडकीपाशी होते. त्यांनी पटांगण बघितलंच नाही. टाळ्या किती पडल्या एवढंच त्यांनी कान देऊन ऐकलं होतं. ते म्हणाले, “मॅनेजर, लोकं गप होती की हो. आवडलेलं दिसत नाही.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडं नव्या बोलपटाच्या रिळांची पेटी आली. त्यांनी शनिवार बोलपटाला दिला आणि आम्हाला मंगळवारवर ढकललं. मला कळलं ते शनिवारी दुपारी. संध्याकाळी ‘सोनाईचं घर’ बघायला आलेली माणसं दारात आली आणि आतून बोलपटाचा बँड ऐकून भांबावली. एक म्हातारे गृहस्थ बायकोला घेऊन दूरवरून आले होते. मी त्यांना मंगळवारी या म्हणालो. ते मला म्हणाले की मंगळवारी त्यांच्या पेढीला सुट्टी नसते, आणि मुकाट्यानं परत गेले. मंगळवारी पुढच्या चार रांगा कशाबशा भरल्या.

अण्णांचं म्हणणं, बघा, मी म्हटलंच होतं.

मग त्यांनी बापूमास्तरांना बोलावून घेतलं. मीही होतो. या नाटकात शेवटी काय होतं, असं त्यांनी विचारलं. बापूमास्तरांनी सांगितलं की चौथ्या भागात नवरा परत येतो, दिराची खोड मोडते, सगळं गोड होतं. अण्णांचा चेहरा उजळला. त्यांनी पान पुढं केलं.

“मग अडलंय कुठं? शेवट आधी दाखवा. गोड शेवट हातात असताना लोकांना आणखी कशाला ताटकळत ठेवायचं?”

ज्ञानू मास्तर शाळेला रजा टाकून आला होता. तो बाहेर ओट्यावर बसलेला. बापूमास्तरांनी त्याला विचारलं नाही. त्यांचाही नाइलाज होता, थिएटर हातचं गेलं असतं तर मंडळींनी जायचं कुठं? तिसऱ्या खेपेला चौथाच भाग लावला. अण्णांच्या आग्रहानं त्यात विनोदी नटाचा एक नाच घातला आणि नवऱ्याच्या तोंडी एक गाणं. कुणीतरी मधूनच उठून म्हणाला, “आवं, ह्यो कोन? आनि बाई त्येला बघून खाली का बसली?” लोक हसले. कृष्णाबाई तशाच बसून राहिल्या. सोनाई इतक्या दिवसांनी नवऱ्याला बघते आणि तिचे पाय गळतात, असा तो प्रवेश होता. पण तिचे पाय का गळले हे कळायला मधले भाग बघितलेले असायला हवेत.

खेळ झाल्यावर अण्णांनी नाटक काढून टाकलं. नाटकात दम नाही, असं त्यांनी मला अगदी आपुलकीनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू मास्तर माझ्याकडं आला, माझा निरोप घेतला आणि म्हसवडची मोटार धरली. तो कुणावर रागावलेला नव्हता. तसा रागावला असता तर बरं वाटलं असतं.

कंपनीला आता थिएटर नव्हतं. आणखी एक अडचण लढाईनं आणली होती. रॉकेल मिळत नव्हतं. नाटक रात्रीचं, बत्त्या चार तरी पेटायला हव्यात, आणि त्यांना घालायला तेल नाही. भूमिगत मंडळींची धामधूम होती, त्यामुळं रात्रीच्या गर्दीला परवाना मिळायचीही मारामार. बापूमास्तर कंपनी मोडायची भाषा बोलू लागले. मी त्यांना म्हटलं, आठ दिवस उंब्रजला चला, माझ्या गावात तंबू ठोकायला जागा फुकट आहे, मग ठरवू.

घरी वहिनी आणि आई, दोघीच. भावाचं पत्र बऱ्याच दिवसांत आलेलं नव्हतं, त्यामुळं घरात त्याचं नाव कमी निघायचं. वहिनी चुलीपुढं बसली होती. तिनं विचारलं, सांगलीला एवढं काय नाटक केलं म्हणून तोंड असं झालंय? मी सांगायला लागलो. सोनाई, तार, दीर, कुलूप. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. मी पहिल्या भागाच्या शेवटाशी आलो आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. तिनं ती उलटली नाही.

“म्होरं काय झालं?” ती म्हणाली.

मी म्हटलं, ते दुसऱ्या भागात.

“मग दावा की.”

मी हसून म्हटलं, इथं दाखवलं तर येशील का? ती म्हणाली, “भावजी, रातीचं आमी कशा येनार? बाजारादिवशी दुपारच्या समद्या हितंच असतोय. गाड्या जुपस्तवर बसूनच असतोय की.”

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी लहानपणापासून तो बाजार बघत आलोय, पण त्या दिवशी मॅनेजरच्या नजरेनं बघितला. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बायका सकाळी येतात, घ्यायचं ते घेतात, पोस्टात पत्र आलं का विचारतात, आणि मग पुरुषांचे व्यवहार आटपेपर्यंत चिंचेखाली पाट्या घेऊन बसून राहतात. लढाईच्या त्या वर्षांत निम्म्या बायकांची माणसं पलटणीत होती. सोनाईची गोष्ट ज्यांची, त्या सगळ्या त्या चिंचेखाली बसल्या होत्या. आणि आम्ही ती सांगलीत रात्री दलालांना दाखवत होतो. उन्हाला बत्ती लागत नाही, हेही तेव्हाच सुचलं.

बापूमास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते आधी नको म्हणाले. नाटक उन्हात करायचं म्हणजे त्यांच्या लेखी अपमान होता. शेवटी कृष्णाबाईंनी त्यांची समजूत घातली. मग मी म्हसवडला गेलो.

म्हसवडच्या पुढं त्याच्या वस्तीपर्यंत चालत जावं लागलं. माळावर मेंढरं, अंगणात त्याची आई लोकर पिंजत बसलेली. ज्ञानू मास्तर शाळेतून आला. त्यानं मला ताक दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि नको म्हणाला. परत त्याच वाटेनं जायचं नाही, असं त्याचं म्हणणं. मी त्याला सांगितलं की मी बापूमास्तरांच्या वतीनं नव्हे, माझ्या स्वतःच्या वतीनं शब्द देतो. काय हवं ते माग.

तो म्हणाला, “मला टाळ्या नकोत, मॅनेजर. क्रम पायजे. पयला भाग पयला, दुसरा दुसरा. वार तोच, जागा तीच. मानसं आली तरी आनि न्हाई आली तरी.”

मी शब्द दिला. ठेकेदारांकडून मी आयुष्यभर शब्द घेत आलो होतो, द्यायची पाळी तेव्हा पहिल्यांदा आली.

परवान्यासाठी फौजदारांकडं गेलो. त्यांनी विचारलं, नाटकात सरकारविरुद्ध काही आहे का. मी म्हटलं, नाही, दिराविरुद्ध आहे. दीर काय करतो, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते सही करता करता म्हणाले की असे सगळीकडेच असतात, आणि आमच्या घरच्या मंडळींसाठी पुढची जागा धरून ठेवा.

पहिल्या बाजाराला तंबूच्या तिन्ही बाजूंच्या कनाती वर बांधून उजेड आत घेतला. हलगी वाजली. पुरुष काही आत आले. बायका चिंचेखालून उठल्या, तंबूपर्यंत आल्या आणि तिथंच थबकल्या. नाटक म्हणजे पुरुषांचा कारभार, आत बसावं की नाही याचा त्यांना अंदाज येईना. मी दारात होतो, पण बायांना आत या म्हणून ओढायची रीत नव्हती. तेवढ्यात वहिनी आईचा हात धरून गर्दीतून पुढं आली, माझ्याकडं न बघता आत गेली, आणि अगदी समोर पाटी ठेवून बसली. तिच्यामागं आणखी दोघी आल्या. मग कुणी मोजत बसलं नाही.

तरी तंबू भरला नाही. बरीचशी जागा मोकळी होती. पडदा पडला तेव्हा टाळी एकही वाजली नाही. बापूमास्तर रंगपटातून बाहेर आले आणि म्हणाले, पुढच्या बाजाराला आपलं पौराणिकच लावू. मी म्हटलं, मी शब्द दिलाय. ते चिडले. कंपनी माझी की तुझी, असं विचारलं. मी म्हटलं, तुमचीच, पण गाव माझं आहे, आणि मला इथं राहायचंय. ते आत निघून गेले. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या आठवड्यात मी दुसरं काहीच केलं नाही. दवंडी नाही, हँडबिल नाही. नुसता नदीवर, गुऱ्हाळांवर फिरत राहिलो, आणि माझ्या कानांनी ऐकलं. एका गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणारी बाई दुसरीला सांगत होती, दीर कुलूप घेऊन आला आणि सोनाई उठेना. दुसरी म्हणाली, मी असते तर कुलूप नदीत टाकलं असतं. पहिली म्हणाली, गप, म्होरं ऐक. मी तिथंच उभा राहिलो. नाटक पायी चालत निघालं होतं.

दुसऱ्या बाजाराला कऱ्हाडच्या बाजूनंही गाड्या आल्या. ज्यांनी पहिला भाग बघितला नव्हता त्यांनाही तो पाठ होता. दुसऱ्या भागात दीर खोटी चिठ्ठी आणतो की भावानंच जमीन आपल्याला लिहून दिली, आणि सोनाईला वाचता येत नाही. ती शेजारच्या पोराच्या पाटीवर अक्षरं गिरवायला लागते, तिथं पडदा. तिसऱ्या बाजाराला तंबूत जागा उरली नाही, कनातीबाहेर माणसं उभी राहिली. रजेवर आलेले दोन जवान खाकी कपड्यांत आले होते. दिराचं काम करणारा आमचा नट बाजारात भाजी घ्यायला गेला तर माळणीनं त्याला वांगी दिली नाहीत. तो बिचारा स्वभावानं गाईसारखा. तो हिरमुसला, पण बापूमास्तर त्या दिवशी मनापासून हसले, आणि आमचा अबोला सुटला.

तिसऱ्या भागानंतर एक गोष्ट घडली. गंगूआक्का म्हणून एक वयस्क बाई होत्या. त्यांचा एकुलता मुलगा आफ्रिकेच्या वाळवंटात गेला होता, आणि तो लढाईत पडल्याची तार आदल्या वर्षी आलेली होती. त्या तीनही बाजारांना येऊन बसत. त्या दिवशी सगळे गेले तरी त्या बसून राहिल्या, आणि नाटक लिवनारा कोन, असं विचारलं. ज्ञानू मास्तर समोर गेला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

“मास्तर, माझा न्हाई आला. तिचा येतोय का न्हाई, त्ये तुमी ठरवा. पर तो येस्तवर ती नुसती वाट बघत बसली, तर आमी घरी काय घिऊन जायाचं?”

मास्तर उठला. त्यानं त्यांना गाडीपर्यंत पोचवलं. मग तो आठवडाभर म्हसवडला गेलाच नाही. आमच्याच पडवीत बसून चौथा भाग पुन्हा लिहीत होता. आई त्याला भाकरी नेऊन द्यायची आणि काही न विचारता परत यायची.

जुन्या चौथ्या भागात नवरा येतो, पंचांपुढं उभा राहतो, आणि त्याच्या शब्दानं सगळं मिटतं. मास्तरनं प्रसंग तेच ठेवले, फक्त मागं-पुढं केले. आता सोनाईच पंचांपुढं उभी राहते. ती चिठ्ठी स्वतः वाचते, अडखळत, एकेक अक्षर लावत, आणि पंचांना दाखवते की नवऱ्याची सही अशी नसते. पंच घर आणि जमीन तिच्याकडं ठेवतात. ती घरी येते, दार उघडते, दिवा लावते. त्यानंतर नवरा येतो. सावरलेल्या घरात.

क्रमासाठी माझ्याकडून शब्द घेणाऱ्या माणसानं स्वतःच क्रम बदलला, असं मी त्याला थट्टेनं म्हटलं. तो म्हणाला, क्रम असाच होता, मला आत्ता कळला.

चौथ्या बाजारी कृष्णाबाई ती चिठ्ठी वाचायला लागल्या तेव्हा तंबूत बायका त्यांच्याबरोबर ओठ हलवत होत्या. दिवा लावला तेव्हा गंगूआक्कांनी पदर डोळ्यांना लावला आणि मान हलवली. आणि मग टाळ्या आल्या. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. बापूमास्तर विंगेत उभे होते, त्यांनी माझा दंड धरला होता, तो त्यांनी सोडला नाही.

पुढच्या महिन्यात भावाचं पत्र आलं. इटलीत इस्पितळात होता, पाय मोडला होता, बाकी ठीक होता. वहिनीनं ते पत्र पोस्टातच उभ्यानं मला वाचायला लावलं, मग घरी येऊन पुन्हा. त्या वर्षी तिनं आमच्या कंपनीच्या विनोदी नटाच्या बायकोकडून अक्षरं शिकायला घेतली. त्यात नाटकाचा हात होता की नाही, मी तिला कधी विचारलं नाही.

कंपनी त्यानंतर काही वर्षं चालली. लढाई संपली, रॉकेल आलं, पण टॉकीजही वाढली आणि पत्र्याची थिएटरं एकेक करून सिनेमाच्या पडद्याची झाली. बापूमास्तर गेल्यावर मंडळी पांगली. मी पुढं टॉकीजच्याच मॅनेजरकीवरून निवृत्त झालो. ज्ञानू मास्तरनं आणखी एकच नाटक लिहिलं. ते बसवण्याआधी कंपनी राहिली नाही, याची चुटपुट मला आहे. त्याला ती नव्हती. तो शाळेत पोरांना रोज थोडी थोडी गोष्ट सांगायचा, उरलेली उद्या.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, सांगलीच्या दुसऱ्या खेपेचं.

उंब्रजची बातमी सांगलीला पोचली आणि अण्णांनी निरोप धाडला. मी गेलो. पान आलं. त्यांना परत शनिवारची रात्र द्यायची होती, शिवाय एक नाच घालायची सूचनाही होती. मी रविवारची दुपार मागितली. लागोपाठ चार रविवार, भाग क्रमानं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. अण्णा लगेच हो म्हणाले. रविवारी दुपारी त्यांचं थिएटर रिकामंच असायचं, आणि ते स्वतः जेवून झोपलेले असत. त्यांचं जाण्यासारखं काही नव्हतं.

पहिल्या रविवारी हरिपूर-बुधगावच्या बाजूनं बायका चालत आल्या. दुसऱ्या रविवारी गाड्या जुंपून आल्या. तिसऱ्या रविवारी अण्णांची झोप मोडली. पटांगणात एवढ्या गाड्या आणि थिएटरात आवाज मुळीच नाही, हे त्यांना विचित्र वाटलं. भांडण झालं की काय, म्हणून ते बघायला आले. मी दारात होतो. त्यांनी आत डोकावलं. थिएटर भिंतीपर्यंत भरलेलं होतं आणि सगळी माणसं गप होती. ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. मध्यंतराची घंटा होईपर्यंत ते हलले नाहीत.

मध्यंतरात त्यांनी मला हळूच विचारलं, ही बाई अक्षरं का गिरवते, आणि तो माणूस तिच्यावर एवढा का खार खातो? मी उत्तर द्यायच्या आधीच समोर बसलेली एक म्हातारी वळली. हळदीच्या वखारीत काम करणारी असावी, तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते.

“आधीचं बघितलं न्हाई व्हय?” तिनं विचारलं.

थिएटरच्या ठेकेदारानं मान हलवून नाही म्हटलं.

“मग ऱ्हावा, सांगते,” असं म्हणून तिनं सुरुवात केली. नवरा पलटणीत कसा गेला, तार कशी आली, दीर कुलूप घेऊन कसा आला, सगळं पहिल्यापासून. अण्णा तिच्यापुढं वाकून ऐकत होते. हातातलं पान हातातच राहिलं होतं. मध्येच त्यांनी विचारलं, “मग ती उठली का?” म्हातारी म्हणाली, मधी बोलू नगा. तिची गोष्ट दुसऱ्या भागातल्या चिठ्ठीपर्यंत आली होती, तेवढ्यात पडद्यामागून घंटेवाला दोरी धरून पुढं आला आणि मध्यंतर संपवायची परवानगी मागत अण्णांकडं बघू लागला.

अण्णांनी हात वर केला.

“जरा थांब रं,” ते म्हणाले. “हिचं सांगून होऊ दे.”